सीताबर्डीतलं मोमेंटोचं दुकान : तोपखान्याची ऑर्डर द्यायची असेल तर वाचा

कामाला दहापैकी आठ, वेळ पाळण्याला पाच, आणि गिऱ्हाइकाचं ऐकून घेण्याला पैकीच्या पैकी. घाईत असाल तर एवढं वाचून दुकान गाठा. बर्डीच्या मेन रोडवरून मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरलं की ट्रॉफ्या-शील्डांची दुकानं लागतात, त्यातलंच हे एक. खाली चिंचोळं काउंटर, वर माळ्यावर लेझरचं मशीन. गाडी ठेवायला जागा नाही. मेट्रोनं आलात तर सीताबर्डी इंटरचेंजवरून पायी येता येतं.

मी तोपखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, ट्रेड टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंट. तोफेला कोणती दिशा द्यायची, नळी किती उचलायची, याचा हिशेब करणारा माणूस. २८ सप्टेंबरला गनर्स डे असतो. १८२७ साली याच तारखेला पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेलेली बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, उभी राहिली, म्हणून हा दिवस. नागपुरात राहणारे आम्ही जुने गनर, म्हणजे तोपखान्यातले गडी, त्या दिवशी एकत्र जमतो. यंदा स्मृतिचिन्हांचं काम माझ्या गळ्यात पडलं. आपसात वाटायला लहान लहान, आणि प्रमुख पाहुण्यांसाठी एक मोठं. पाहुणे पायदळाचे, निवृत्त कर्नल. पायदळाच्या ज्या पलटणीसोबत, म्हणजे बटालियनसोबत, आमची बॅटरी होती, तिचे ते तेव्हा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर.

मालकानं शोकेस दाखवली. सांगायला हरकत नाही, माल चांगला आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर असल्यामुळे फौजी ऑर्डरींची यांना सवय. पलटणीच्या नंबराशी खेळ चालत नाही, रँक चुकली तर साहेब माल परत पाठवतात, हे यांना ठाऊक आहे. डिझाइन मालकाची मुलगी करते. कॉम्प्युटरवर हात असा चालतो की आपण बोलेपर्यंत अर्धं चित्र तयार.

"काका, तुमचं डिव्हिजन कोणतं होतं? वर डिव्हिजनचा लोगो टाकते, मधात रेजिमेंटचा, खाली नाव. कामठीवाले असंच नेतात."

"बाई, हे पलटणवाल्यांचं झालं. आमचं असं नाही राहत."

"मंग कसं राहते?"

इथं दुसऱ्या दुकानात काय होतं ते मी भोगलंय. मागे एका दुकानदारानं "सगळे असंच करतात" म्हणत डिव्हिजनची खूण ताटलीएवढी आणि तोफ सुपारीएवढी करून दिली होती. या मुलीनं मात्र माऊस सोडला, बिलबुकाच्या मागचा कोरा कागद घेतला आणि म्हणाली, "सांगा." म्हणून मी सांगितलं. तेच इथं लिहितो, कारण तुमच्यापैकी कोणाला तोपखान्यातल्या काकाचं, मामाचं, सासऱ्याचं स्मृतिचिन्ह करायचं असेल तर तिथंच गाडी अडणार.

आधी एक गोंधळ मिटवू. मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट आहे, पण ती अख्खी कधी एका ठिकाणी लढत नाही. तिच्या पलटणी वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये विखुरलेल्या असतात. तोपखान्यातली फील्ड रेजिमेंट मात्र एका पलटणीएवढं युनिट असते : एक सीओ, तीन बॅटऱ्या, बॅटरीत सहा तोफा, म्हणजे अठरा तोफा. त्यामुळे शील्डवर दोघांच्याही नावात रेजिमेंट आलं तरी बरोबरीनं छापून चालत नाही.

आता डिव्हिजन. पायदळाच्या डिव्हिजनमध्ये साधारण तीन ब्रिगेड, दर ब्रिगेडमध्ये तीन पलटणी. झाल्या नऊ. त्याच डिव्हिजनमध्ये तोपखान्याची एक ब्रिगेड असते. तिच्यातली एकेक फील्ड रेजिमेंट पायदळाच्या एकेका ब्रिगेडच्या मदतीला लावतात. तीन रेजिमेंट, दर रेजिमेंटच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे बॅटऱ्याही नऊ. पोरीनं कागदावर दोन ओळींत नऊ-नऊ चौकोन काढले आणि रेघा जोडल्या. "म्हणजे दर पलटणीला एक बॅटरी!" मला क्लास घेतल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात यात मोठ्या तोफांच्या मीडियम रेजिमेंट येतात, डोंगरात १२० मिलीमीटर मॉर्टरवाल्या लाइट रेजिमेंट येतात, गणित इतकं स्वच्छ राहत नाही. पण मुळाशी हेच आहे.

आणि हे गणित आपोआप जमलेलं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश पद्धतीच्या फील्ड रेजिमेंटमध्ये बारा-बारा तोफांच्या दोनच बॅटऱ्या होत्या. ब्रिगेडमध्ये पलटणी तीन. दोन बॅटऱ्या तीन पलटणींत वाटायच्या कशा? १९४० मध्ये फ्रान्समध्ये ती अडचण अंगाशी आल्यावर त्याच चोवीस तोफा आठ-आठच्या तीन बॅटऱ्यांत बसवल्या. तोफखान्याची घडण पायदळाच्या मापानं कापली गेली ती अशी.

पुढचा प्रश्न तिनं मालकापेक्षा हुशारीनं विचारला. "मंग तुमची रेजिमेंट त्या ब्रिगेडचीच झाली ना?"

नाही झाली. सगळी गोम इथंच आहे. पलटण ब्रिगेड कमांडरच्या हुकमाखाली असते. तोपखाना मदतीला असतो, हुकमाखाली नव्हे. पायदळाच्या ब्रिगेडला आमच्या तोफांचा मारा आधी मिळणार हे ठरलेलं, आमचे सीओ त्या ब्रिगेड कमांडरच्या शेजारीच बसलेले. पण तोफांची दोरी डिव्हिजनच्या आर्टिलरी कमांडरच्या हातात. उद्या दुसऱ्या ब्रिगेडवर हल्ला आला तर तोफा जागच्या न हलवता, नुसत्या नळ्या फिरवून, तो सगळा मारा तिकडे वळवू शकतो. आमची १०५ मिलीमीटर इंडियन फील्ड गन सतरा किलोमीटरपर्यंत टाकते, १३० मिलीमीटरची मीडियम गन सत्तावीसपर्यंत. एवढा पल्ला असताना तोफ एकाच पलटणीच्या खुंटीला बांधून ठेवणं म्हणजे तो पल्ला वाया घालवणं. पायदळाचा कमांडर एखादी पलटण राखीव ठेवतो. तोफा राखीव ठेवायच्या नसतात. ती राखीव पलटण मागे आराम करत असली तरी तिच्या जोडीची बॅटरी दुसऱ्यांसाठी झाडतच असते.

महायुद्धात या साऱ्या कारभाराला वायरलेसवर ठरलेली नावं होती. ऑब्झर्व्हरनं "माइक टार्गेट" म्हटलं की अख्खी रेजिमेंट. "अंकल टार्गेट" म्हटलं की डिव्हिजनच्या सगळ्या तोफा, म्हणजे तीन फील्ड रेजिमेंटच्या बहात्तर. पुढे खंदकात बसलेला एक कॅप्टन, हातात वायरलेस, आणि त्याच्या दोन शब्दांवर बहात्तर नळ्या एका जागेकडे वळणार. हे ऐकून मालक काउंटरमागून म्हणाला, "बाप्पा! आणि आमच्या इथं पोराला सांगून चहा येत नाही." चहा मात्र आला. चांगला होता. आल्याचा.

आता तुम्ही म्हणाल, पलटणीसुद्धा दोन-तीन वर्षांनी जागा बदलतात, त्यांचीही डिव्हिजन बदलते, मग फरक तो काय? बरोबर आहे. गाडीवरची खूण पुसून दुसरी रंगवणं त्यांनाही चुकत नाही. म्हणूनच मी म्हणतो, कागदावरचं नातं रेजिमेंट आणि डिव्हिजनचं. माणसांचं नातं बॅटरी आणि पलटणीचं. बॅटरी कमांडर, मेजर साहेब, तोफांजवळ नसतो. तो पलटणीच्या सीओसोबत असतो, जेवण त्यांच्याच लंगरात. बॅटरीचे ओपी ऑफिसर, म्हणजे पुढून शत्रू पाहून मारा सांगणारे, आणखी पुढे, रायफल कंपन्यांसोबत. कंपनी कमांडर म्हणतो, "त्या नाल्याच्या कोपऱ्यातून एलएमजी, म्हणजे लाइट मशीनगन, येतेय." ओपी नकाशावर जागा काढतो आणि मागे कळवतो. मागे कमांड पोस्टमध्ये माझ्यासारखा टीए दिशा आणि उंची काढतो, नंबर एक, म्हणजे तोफेचा प्रमुख, आपल्या तोफेवर ती लावून घेतो. पहिला गोळा पडला की ओपीचं सुरू : लेफ्ट २००, ॲड ४००, म्हणजे दोनशे मीटर डावीकडे, चारशे पुढे. नेम जमला की फायर फॉर इफेक्ट, म्हणजे खरा मारा. मागे आम्हाला ना नाला दिसत, ना शत्रू. दिसतो फक्त आकडा. पण आकड्यात चूक झाली तर गोळा आपल्याच कंपनीवर. ज्या पलटणीच्या पोरांच्या डोक्यावरून आम्ही गोळे टाकले, तिचा नंबर मी झोपेतही सांगेन. त्या वेळची डिव्हिजनची खूण मात्र आठवायला जुना फोटो काढावा लागतो.

हे पटवायला मी त्या मुलीला हवालदार उमराव सिंगचं उदाहरण दिलं. तोपखान्याचा भारतीय हवालदार, व्हिक्टोरिया क्रॉस. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. त्याची माउंटन बॅटरी ३० माउंटन रेजिमेंटची, आणि मदतीला दिलेली कोणाच्या? ८१ (वेस्ट आफ्रिकन) डिव्हिजनच्या. तोफ हरियाणाच्या गड्याकडे, पुढे लढणारी डिव्हिजन पश्चिम आफ्रिकेतली. जपानी तोफेवर येऊन धडकले तेव्हा गडी दारूगोळा संपल्यावर तोफेचा लोखंडी दांडा घेऊन लढला. नंतर तो बेशुद्ध सापडला, आजूबाजूला दहा जपान्यांची प्रेतं. आता त्याच्या शील्डवर वर काय छापायचं? डिव्हिजनचा लोगो? पोरगी हसली. म्हणाली, "दांडा छापू."

उलट बाजूही सांगितली. महायुद्धातली चौथी भारतीय डिव्हिजन, लाल गरुडाची, आफ्रिकेत नाव कमावलेली. तिच्या फील्ड रेजिमेंट होत्या रॉयल आर्टिलरीच्या, गोऱ्यांच्या. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हाती डोंगरी तोफा सोडून बाकी तोफ ठेवली नाही. पहिली हिंदी फील्ड ब्रिगेड उभी राहायला १९३५ उजाडलं. त्यामुळे डिव्हिजनचं नाव इंडियन आणि तोफेवर माणूस गोरा, हा प्रकार तेव्हा नेहमीचा. इंटरनेटवरून जुन्या डिव्हिजनचा लोगो उचलून कोणत्याही भारतीय तोपखान्याच्या नंबराला चिकटवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

या सगळ्यानंतर आमचं डिझाइन ठरलं ते असं. मोठ्या स्मृतिचिन्हावर मधोमध तोफ. तिच्या डाव्या अंगाला तोपखान्याचं चिन्ह, उजव्या अंगाला पाहुण्यांच्या पलटणीचं, दोन्ही एकाच मापाची. खाली तोपखान्याचं ब्रीद, 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल'. डिव्हिजनची खूण पायथ्याशी, नखाएवढी, कारण सालाचा आणि जागेचा पत्ता म्हणून ती हवीच. लहान स्मृतिचिन्हांवर डिव्हिजन ठेवलीच नाही. जमणारे सगळे वेगवेगळ्या रेजिमेंटचे, प्रत्येक जण पाच-सहा डिव्हिजनींतून फिरलेला. कोणाची टाकणार?

तोफेच्या चित्रावरही थोडी हुज्जत झाली. यांच्याकडे तयार साचा बॉफर्सचा. १९९९ नंतर अख्ख्या बाजाराला तोफ म्हणजे बॉफर्सच वाटते. कारगिलमध्ये त्या तोफेनं काम केलं यात वाद नाही. पण आमची १०५ वेगळी दिसते, आणि माझ्यासोबतच्या म्हाताऱ्यांना ते लगेच कळणार. मी जुना फोटो दिला. मुलीनं त्यावरून रेघा काढून नवं चित्र केलं. वेगळे पैसे मागितले नाहीत. इथं एक गुण मी जास्त दिला.

पण या दुकानाची खरी कमाल पितळी गोळ्यात आहे. लहान स्मृतिचिन्हावर बोटाएवढा पितळी गोळा हवा होता. तो हे बाहेरून करून घेतात, एका लेथवाल्याकडून. नमुना हातात घेतला आणि मी चाट पडलो. गोळ्याच्या बुडाजवळ तांब्याची बारीक कडी बसवलेली, पितळाच्या खाचेत घट्ट दाबलेली, नखानं चाचपली तर लागते पण हलत नाही. हा ड्रायव्हिंग बँड. खऱ्या गोळ्यावर हीच तांब्याची कडी नळीतल्या आट्यांत रुतते आणि गोळ्याला फिरकी देते. ती नसेल तर गोळा सरळ जाणार नाही, कुठेही गटांगळ्या खाईल. बाजारातल्या शोभेच्या गोळ्यांवर मी हे कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी नुसती रेघ मारतात. मालकाला विचारलं तर म्हणाला, "आमचा टर्नर अंबाझरीच्या फॅक्टरीतून रिटायर आहे साहेब, तो म्हणे बिना बँडचा गोळा मी बनवत नसतो."

मग बरोबर आहे. गोळ्याची रिकामी कवचं अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होतात, दारू भरणं भद्रावतीजवळच्या चांदा फॅक्टरीत, साठा पुलगावला. आम्ही सरहद्दीवर जे टाकायचो त्यातलं किती विदर्भातून आलं असेल कोण जाणे. पेटीवरचा शिक्का वाचून घरची आठवण यायची, हे खरं.

आता तक्रारी. एक, वेळ. शनिवारी देतो म्हणाले, शनिवारी लेझर बंद, सोमवारी लाइट नाही, असं करत माल कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हातात पडला. "होऊन राहिलं साहेब, होऊन राहिलं" हे वाक्य मी फोनवर इतकं ऐकलं की मला कमांड पोस्टवरचा खडूस सुभेदार व्हावं लागलं. दोन, लाकूड म्हणून दाखवतात ते एमडीएफ आहे, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, वरून सागाचा कागद. आपण विचारलं तर खरं सांगतात, न विचारता सांगत नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचं काही होत नाही, पण पावसाळ्यात भिंतीला ओल असेल तर कडा फुगतात. शिसवाचं हवं असेल तर आधी बोला, भाव दुपटीच्या आसपास जातो. तीन, मखमली डब्याचं अस्तर. दोन डब्यांत ते आल्याआल्याच सुटलं होतं. बदलून दिले, कुरकुर केली नाही. चार, देवनागरीत जोडाक्षरांची बोंब. 'रेजिमेंट' नीट येतं, पण 'इन्फंट्री'चं 'ट्री' पहिल्या प्रूफमध्ये फुटलं होतं. प्रूफ मोबाइलवर पाहू नका, दुकानात जाऊन मोठ्या पडद्यावर पाहा.

भाव : गोळ्यासकट लहान स्मृतिचिन्ह साडेसहाशेला पडलं, मोठं साडेतीन हजाराला. पक्कं बिल देतात. घासाघीस केली तर थोडं कमी होतं, पण टर्नरच्या कामाचे पैसे कापायला सांगू नका, मीही सांगितले नाहीत.

कार्यक्रमात कर्नल साहेबांनी मोठं स्मृतिचिन्ह हातात घेतल्यावर आधी स्वतःच्या पलटणीचं चिन्ह पाहिलं, मग शेजारचं आमचं, आणि माइकवर द्रासचा विषय काढला. तिथला पॉइंट ५१४० जून १९९९ मध्ये पायदळानं जिंकला, आणि २०२२ मध्ये त्याच शिखराला 'गन हिल' असं नाव दिलं गेलं. साहेब म्हणाले, चढलो आम्ही आणि पाटी यांची, पण यांचे गोळे नसते तर पाटी लावायला वर पोचलं कोण असतं. समोरचे म्हातारे असे खूश झाले की पुढचं भाषण कोणी ऐकलंच नाही. सावजीचा रस्सा थंड होत होता हेही एक कारण.

दुकानवालीला ही बातमी सांगायला गेलो तर तिनं नवाच प्रश्न काढला. आता सैन्यात रुद्र ब्रिगेड येऊन राहिल्या म्हणतात, २०२५ च्या कारगिल विजय दिवसाला घोषणा झाली तेव्हा तिनं वाचलं होतं. पायदळ, रणगाडे, तोपखाना सगळं एकाच ब्रिगेडमध्ये. मग तोफा मदतीला की हुकमाखाली, आणि चिन्ह वर छापायचं की पायथ्याशी? मी म्हटलं, ते आजच्या पोरांना विचार, त्यांची ऑर्डर आली की त्यांनाच कागद पुढे कर. तिनं तो नऊ-नऊ चौकोनांचा कागद काउंटरच्या काचेखाली लावून ठेवलाय. तोपखान्यातले असाल तर ऑर्डर देताना त्यावर बोट ठेवा, निम्मं बोलणं वाचेल.

आणि गनर्स डेसाठी काही करून घ्यायचं असेल तर ऑगस्टमध्येच जा. सप्टेंबरात गणपती मंडळांच्या ट्रॉफ्या आणि नवरात्रातल्या गरब्याची बक्षिसं यांच्या गर्दीत तुमची तोफ मागे पडते. सोमवारी बर्डीतली बरीच दुकानं बंद असतात, आधी फोन करून निघा.